सात पावलं आत

दिवाळीला दहा दिवस राहिले होते, झेंडू तोडणीला आला होता, आणि आमचे नाना मोजणीवाल्यांची दांडी धरायला गेले होते.

नाना म्हणजे माझे सासरे, खंडेराव. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. कुणाची म्हैस चिखलात रुतली की नाना. कुणाच्या लग्नात वाढायला माणूस कमी पडला की नाना. शेजारच्या कुसाबाईची शेळी कड्यावर जाऊन अडकली तर सासष्ट वर्षांचा हा माणूस धोतर खोचून तिच्यामागे वर. घरच्या कामाला हाक मारली की मात्र "आलोच" म्हणतात, आणि ते आलोच दिवेलागणीला उगवतं. मी निफाडची. माझ्या माहेरी हंगामात घरातलं मांजरसुद्धा रिकामं बसत नाही. इथे लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, मी या आलोचच्या मागे दात-ओठ खात फिरते आहे. नवरा ललित दिंडोरीला एका द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणीला असतो, रविवारी येतो. तोही वडिलांवरच गेलाय, पण तो निदान लांब तरी असतो.

आमची खाणवाडी दिंडोरीच्या वर, डोंगराच्या पोटात. चाळीस उंबरे. पूर्वी हा डोंगर फोडून दगड नेला. धरणाला नेला, रस्त्यांना खडी नेली. मग ठेकेदार गेला आणि तीन खड्डे मागे राहिले. त्यातल्या एका खड्ड्यात आमचं वावर आहे. खड्ड्यात वावर हे ऐकून माझ्या आईने सोयरीक जमताना कपाळाला हात लावला होता. पण ते वावर नानांनी आणि सासूबाईंनी, साळूबाईंनी, डोक्यावर पाट्या वाहून केलेलं आहे. तळ्यातला गाळ उन्हाळ्यात उपसायचा आणि खाणीत आणून टाकायचा, असं वीस वर्षं. आता उघड्या खडकावर कमरेइतकी माती आहे. मागे काळा कडा सरळ उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी झिरा आहे. मे महिन्यातही तो बोटाएवढा का होईना, वाहतो. झेंडू, वांगी, दोन शेळ्या आणि आम्ही माणसं, सगळी त्याच पाण्यावर. झिरा गेला तर ते वावर म्हणजे मातीने भरलेला खड्डा, दुसरं काही नाही.

यंदा वरून ठरलं की जुन्या खाणी नव्याने मोजायच्या, कारण रस्त्याला पुन्हा दगड हवा होता. कडा कुठे, उतार किती, किती डोंगर गेला, किती उरला, सगळं नकाशावर घ्यायचं. खाणीत जेवढं कसलेलं असेल तेवढं कसणाऱ्याकडे राहणार, उरलेली खाण लिलावात जाणार. म्हणजे सगळं त्या एका रेघेवर होतं. हे गावात सगळ्यांना कळलं होतं. नानांनाही कळलं होतं, मीच त्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं.

मोजणीला भाग्यश्री मॅडम आल्या. मूळच्या मनमाडच्या, वडील रेल्वेत. वयाने माझ्याएवढ्याच, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि तरी ऑक्टोबरच्या उन्हाने नाक सोलून निघालेलं. त्यांनी आधी ड्रोन उडवून फोटो काढले. पण कड्याखाली दिवसभर सावली आणि वर घाणेरीचं रान, त्यामुळे वरून काहीच दिसेना. मग दुसरी पद्धत. खाणीच्या समोरच्या काठावर तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र लावायचं, आणि खाली एका माणसाने भिंगाची दांडी घेऊन जागोजागी उभं राहायचं. मॅडम दुर्बिणीतून ते भिंग बघणार, आकडा घेणार, की माणूस पुढच्या जागी. दांडी डोक्याच्या वर जाते. खाली लोखंडी टोक, मध्ये पाण्याचा बुडबुडा. तो बुडबुडा मधोमध राहील अशी दांडी धरायची आणि श्वास रोखायचा.

मॅडमचा माणूस पहिल्याच दिवशी तापाने झोपला. पुढे काय झालं ते सांगायला नको. मॅडमने नुसतं इकडे-तिकडे बघितलं आणि नाना म्हणाले, आलोच.

त्यांना मोजणीवाल्यांनी नारिंगी जॅकेट दिलं, पाठीवर चमकणारे पट्टे असलेलं. ते घालून नाना जेवायलाही बसायचे. कुसाबाई मला पाणवठ्यावर म्हणाली, तुझा सासरा लांबून भोपळ्यासारखा दिसतो. बायका हसल्या. मी पण हसले, काय करणार. पण घरी आल्यावर हंडा जरा जोरात आदळला.

तीन दिवस नाना डोंगरावर आणि आम्ही दोघी सासू-सुना वावरात. त्यात मधल्या दिवशी दुपारी पाऊस येऊन गेला. ओला झेंडू क्रेटमध्ये भरला की सडतो, म्हणून तोडलेली फुलं पुन्हा पडवीत पसरली, पंखा लावला, वीज गेली, मग सुपाने वारा घातला. कमरेचे तुकडे पडले. बोटांना झेंडूचा तो उग्र हिरवा वास, जेवताना भाकरीलाही तोच.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या बोटांचं तर विचारूच नका. कड्यालगत आमच्या वावराची सात पावलांची पट्टी आहे. झिरा त्याच पट्टीत आहे आणि झिऱ्याकाठी साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड आहेत. नानांचे थोरले भाऊ दशरथ याच जागी सुरुंगात गेले, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या कितीतरी आधी. आसरांना लोखंड चालत नाही, त्यांनीच त्याला नेलं, असं नानांनी सांगितलेलं आणि घराने पाळलेलं. त्या पट्टीत नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही. खुरपंसुद्धा कड्यापासून सात पावलांवर ठेवून पुढे जायचं. आई ती पट्टी बाभळीच्या खुंट्याने उकरतात, ढेकळं हाताने फोडतात, रोप हाताने लावतात. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होऊन बसली आहेत. मी नवीन होते तेव्हा म्हटलं होतं, आई, एकदा खुरपं लावून तर बघू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी कुसाबाई सांगत आली की कच्चा नकाशा ग्रामपंचायतीत लावलाय. फुलं तशीच टाकून मी गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, घरातलं कुणी वाचणारं नाही का? मी म्हटलं, मीच आहे, बारावी झालेय, सरका. तो सरकला, पण हसत सरकला.

नकाशा मोठा देखणा होता. डोंगराच्या अंगावर एकावर एक तपकिरी रेघा, जिथे चढ तिथे दाट, जिथे सपाट तिथे विरळ. आमची खाण लगेच ओळखू आली. वावर हिरवं दाखवलं होतं. झिऱ्याला निळा ठिपका होता. आणि तो ठिपका हिरव्याच्या बाहेर होता. कड्याच्या सगळ्या अंगाने आमची हद्द आत आली होती, सारखी, कुठे कमी नाही की जास्त नाही. पट्टी गेली, झिरा गेला, तिथे लिहिलं होतं खाण. मी बोटाने मोजून बघितलं, पुन्हा बघितलं. हरकतीला शुक्रवार दुपारपर्यंत मुदत होती. तो बुधवार होता.

घरी आले तर नाना ओट्यावर जॅकेट घालून भाकरी खात होते. आई पडवीत फुलं निवडत होत्या.

"नाना," मी म्हटलं, "कड्याखाली दांडी कुठं धरली होती?"

"वावराच्या कडंला."

"कड्याला टेकून?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तसाच ठेवला. "तिचं टोक लोखंडाचं हाय," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा ठिकाणी दांडी धरली होती या माणसाने, अकराही ठिकाणी बरोबर सात पावलं आत. मॅडम वरून विचारत होत्या, काका, हीच कड ना? आणि हे खालून हात वर करून सांगत होते, हीच. मी म्हटलं, सांगायचं तरी होतंत, मला बोलवायचं होतंत, कुणालाही बोलवायचं होतंत. ते म्हणाले, तिथं लोखंड कुणीच न्यायचं नाही. म्हटलं, मग आता पाणी कुठून आणायचं, निफाडहून? त्यावर ते ताट सारून उठले. आई फुलं निवडत राहिल्या. आसरांचं नाव आलं की आई मधे पडत नाहीत. मला वाटलं, आपणच एकटे या घरात वेडे आहोत.

मी संध्याकाळच्या आत शाळेत गेले. मॅडम तिथे एका खोलीत उतरल्या होत्या. पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून त्या मोबाईलवर आकडे बघत होत्या. माझं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, मी काकांना दोनदा विचारलं होतं, दोनदा. तीन खाणी, पाच दिवस, माणूस आजारी, बॅटरी संपत आलेली, आणि आता हे. त्यांच्या जागी मी असते तर बादली लाथाडली असती. शेवटी म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी एक तास देते. तासाभरात दांडी कड्याला लागली तर लागली, नाहीतर मी यंत्र बांधून निघाले.

गुरुवारी आम्ही फुलं तोडली.

शुक्रवारी आठ वाजता मॅडम समोरच्या काठावर यंत्र लावून तयार होत्या. मी फोन स्पीकरवर टाकून ओच्यात खोचला आणि दांडी घेतली. नाना आधीच खाली येऊन बसले होते, बरोबर त्या सात पावलांच्या रेघेवर. आज जॅकेट नव्हतं. आई पलीकडे पट्टीतच होत्या, फुलांची पाटी कमरेवर घेऊन. मी नानांना वळसा घालून पुढे पाऊल टाकलं तसे ते उठले आणि दांडी मधोमध धरली.

मी ओढली, त्यांनी ओढली. म्हाताऱ्या माणसाशी अशी ओढाओढ करायची मला लाज वाटत होती, पण सोडवतही नव्हतं. ओच्यातून मॅडमचा आवाज आला, अहो, दांडी हलतेय.

"नाना, सोडा," मी म्हटलं. "आसरांची मी ओटी भरीन, नारळ फोडीन, हात जोडून माफी मागीन. पाणी जाईल हो आपलं."

"आसरांचं काय नाय त्यात," नाना म्हणाले.

त्यांनी दांडी सोडली नाही आणि बोलणंही सोडलं नाही. माझ्याकडे न बघता, कड्याकडे बघत ते बोलले.

"दशरथ भोकात दारू ठासत व्हता. ठासायला लाकडाची ठासणी असती. ती वर राह्यली व्हती, झाडाखाली. मला म्हनला, जा, घिऊन ये. मला वर जायचा कंटाळा आला. पहार हाताशी व्हती, ती दिली. म्हनलं, यानंच ठास, काय व्हतंय."

दगडावर लोखंडाची ठिणगी उडाली. बाकीचं त्यांनी हाताने दाखवलं, तेही अर्धंच. नाना तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पहारीचं कुणाला सांगितलं नाही. मुकादमाने विचारलं, आईबापाने विचारलं, तेव्हा आसरांचं नाव पुढे केलं, आणि लोकांनी लगेच मान डोलावली. तिथून पुढे त्यांना त्या जागेवर लोखंड बघवेना.

मला त्यांचा राग येत होता, रडू येत होतं, आणि आता रडू येतंय याचाही राग येत होता. आयुष्यभर हा माणूस कुणाच्याही एका हाकेवर का धावत सुटतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नऊ वर्षं मी त्यावरून हंडे आदळले होते.

आईंनी पाटी खाली ठेवली.

"चौतीस वर्सं मी लाकडानं उकरलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आसरा कोपतील म्हनून. ललित पोटात व्हता तवा बी उकरलं. अंगात ताप असताना बी उकरलं. भावासाठी उकर असं हे म्हनले असते, तर मी नाय म्हनले असते का?"

कड्यावरून पोपटांचा थवा ओरडत गेला आणि मग झिऱ्याचं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं.

मॅडमने फोनवर सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, टोक जमिनीला लागायलाच पाहिजे असं नाही. खाली लाकूड ठेवा, फळी, पाट, काहीही. जाडी सांगा, मी वजा करते. मग त्यांचाही धीर सुटला. "काका, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं हो," त्या म्हणाल्या.

दोन मिनिटांचं काम. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी घरी पळत गेले. भाऊबीजेसाठी घासून अंगणात वाळत घातलेला पाट उचलला आणि धापा टाकत परत आले. सोबत आणलेल्या फूटपट्टीने जाडी मोजून सांगितली. दांडी घ्यायला हात पुढे केला तर नाना म्हणाले, म्या धरतो.

पाट ठेवायचा, त्यावर दांडी टेकवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, पुढे सरकायचं. पाट मी सरकवत होते. पाटावर लोखंडाचं टोक टेकताना दर वेळी नानांचा जबडा आवळायचा. अकरा जागा झाल्या. बारावी झिऱ्याची, कड्याला अगदी चिकटून. तिथे खडक ओबडधोबड, पाट डुगडुगायला लागला. बुडबुडा इकडे जाई, तिकडे जाई. मॅडम म्हणाल्या, हलतंय. पुन्हा हललं. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला द्या ना. नाना दांडी सोडेनात. मी पाट दाबला तर एक बाजू दबली आणि दुसरी उचलली. पावणेनऊ वाजून गेले होते. कपाळावरचा घाम नानांच्या डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आई बघत उभ्या होत्या. बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग तोंडाने काहीतरी पुटपुटत आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांनी पाटाची दुसरी बाजू दाबून धरली. नानांच्या पायांपाशी त्यांचं डोकं होतं, पण त्यांनी वर बघितलं नाही.

"मिळाला," मॅडम म्हणाल्या.

यंत्र बांधून त्या वळसा घालून खाली उतरल्या. काट्यांनी बाही फाटली होती. आकडे दाखवले. हिरवं आता कड्यापर्यंत जाणार होतं आणि निळा ठिपका आत येणार होता. मग हरकतीचा फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. कसणाऱ्याचं नाव, या रकान्यात त्यांनी न विचारताच खंडेराव लिहिलं.

"ते खोडा," नाना म्हणाले. "हिचं लिव्हा. ही पट्टी हिनं कसली."

मॅडमने पेन थांबवलं. म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, काका, आणि माझ्याकडे एकच फॉर्म उरलाय. नाना म्हणाले, तो घ्या. मॅडमने एक मोठा उसासा टाकला, लिहिलेला कागद चुरगाळून खिशात घातला आणि पिशवीतून दुसरा काढला.

"लय लवकर सुचलं," आई म्हणाल्या.

मॅडमने पूर्ण नाव विचारलं. आईंनी सांगितलं, साळूबाई खंडेराव गांगुर्डे, सावकाश, एकेक शब्द सुटा. मॅडम लिहून सहीची जागा दाखवायला लागल्या, तर आईंनी कागदावर हात ठेवला.

"थांब बाई," त्या म्हणाल्या. "काय लिव्हलंस ते आधी वाचून दाखव."